नाव, नावाडी आणि भरवसा

सज्जनहो, खापरखेड्याच्या हरिनाम सप्ताहात कीर्तन आटोपल्यावर एका माळकरी गृहस्थांनी आम्हांला एक प्रश्न विचारला. प्रश्न दिसायला साधा, पण उत्तर देऊ जाता भल्या भल्या शास्त्र्यांची जीभ अडखळावी असा. ते म्हणाले, “महाराज, तुम्ही कीर्तनात सांगता, नाम हीच नौका आन् पांडुरंग हाच नावाडी, मंग भेव कायचं? आन् आमचा ढीवर म्हन्ते, पाचावर सहावा बसवत नाही. तुमचं आयकावं का त्याचं?” मंडळी खळखळून हसली. आम्ही उत्तर दिले, “नदीवर त्याचेच ऐकावे.” पण एवढ्याने प्रश्न सुटला असे होत नाही. नदीवर ढीवराचे ऐकायचे आणि कीर्तनात आमचे, तर मग देव नदीवर नसतो की काय? या प्रश्नाचा विचार नीट झाला पाहिजे, कारण तो केवळ खापरखेड्याचा नाही. जिथे जिथे वारकरी पाणी ओलांडतो तिथे तिथे तो उभा आहे.

खापरखेडा हे सावनेर तालुक्यातले गाव. परगावचे लोक ते वीजकेंद्राच्या धुराड्यांवरून ओळखतात. परंतु गावाचे जुने नाते पाण्याशी. कोलार जवळ, कन्हान जवळ. कामठीच्या वर पेंच आणि कोलार या दोघी कन्हानला मिळतात. कन्हान पुढे अंभोऱ्याला वैनगंगेत जाते, वैनगंगा वर्धेला भेटली की तिची प्राणहिता होते, आणि प्राणहिता गोदावरीत मिळते. ज्या गोदेच्या काठी वर पैठणला नाथमहाराज झाले, त्याच गोदेला आमच्या कन्हानचे पाणी खाली जाऊन भेटते. विवेकसिंधूकार मुकुंदराजांचे नाते काही विद्वान अंभोऱ्याशी जोडतात, काही आंबेजोगाईशी. तो वाद आज नको. अंभोऱ्याला आता तारांनी तोललेला मोठा पूल झाला आहे. पण सगळ्या घाटांवर काही पूल होत नाहीत, आणि नाव अजून सुटलेली नाही.

आता आम्हां पाठशाळेत शिकलेल्यांना एक खोड असते, कोणताही प्रश्न आला की आधी शब्दाकडे बघायचे. ‘तीर्थ’ हा शब्द घ्या. आपण तीर्थ म्हणतो ते पुण्यस्थळाला. पण धातू आहे तॄ, म्हणजे तरणे, ओलांडणे. तीर्थ म्हणजे मुळात पाण्यात उतरण्याची, पार होण्याची जागा. जिथे काठ उतरता आहे, तळ ठाऊक आहे आणि धार आवरती आहे ती जागा. पुण्य मागाहून आले, आधी घाट आला. पाणिनीने ‘नाव्य’ असा शब्दही साधून दिला आहे: नावेने तरून जाण्याजोगे पाणी. म्हणजे जे पाणी नावेने तरण्याजोगे नाही, असेही पाणी असते, हे व्याकरणालाही मान्य आहे! पाणी पाहून ठरवावे लागते. शास्त्राने ते आधीच ठरवून दिलेले नाही.

आणि शास्त्र म्हणाल तर नावेविषयी आपल्या पूर्वजांनी जे लिहिले आहे ते ऐकण्यासारखे आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नावध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्याचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. अवेळी किंवा अतीर्थी, म्हणजे घाट नसलेल्या ठिकाणी, नदी ओलांडणाऱ्याला तेथे दंड सांगितला आहे. ब्राह्मण, संन्यासी, मूल, म्हातारा, आजारी, गर्भिणी यांना तरीचे पैसे माफ आहेत. आणि सर्वांत महत्त्वाचे हे, की माणसे अपुरी, साहित्य अपुरे किंवा डागडुजी नसलेली अशी नाव बुडाली तर नुकसान नावध्यक्षाने भरून द्यायचे. प्रवाशांचे प्रारब्ध म्हणून सोडून द्यायचे नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातही हाच भेद केला आहे. नावाड्यांच्या चुकीने नावेतले जे नासेल ते सगळ्या नावाड्यांनी मिळून भरावे. दैवाने जे होईल त्याबद्दल दंड नाही. स्मृतीतली पुष्कळ वचने आज आम्हांला मानवत नाहीत हे उघड बोलतो, पण हा भेद लाखमोलाचा आहे. कारण त्यात दैवाचा क्रम लावून दिला आहे. आधी माणसाची चूक तपासायची, आणि चूक सापडली नाही तर मग दैव. आपण आज नेमके उलटे करतो.

तर चूक म्हणजे काय, हे समजायला नाव पाण्यात कशी लोटतात ते समजले पाहिजे. कन्हानकाठच्या एका वृद्ध ढीवर बाबांशी आमचे यावर बराच वेळ बोलणे झाले, त्याचे सार येथे देतो. कीर्तनकाराला नावेचे रूपक रोज लागते, तेव्हा रूपकामागची वस्तू त्याला ठाऊक असलेली बरी.

भर पावसाळ्यात कन्हानवर नाव लोटूच नये, त्यावर बोलणे नाही. उन्हाळ्यात माणूस रेतीतून पायी जातो, त्यावरही बोलणे नाही. खरा प्रश्न असतो आश्विन-कार्तिकात, जेव्हा पूर उतरलेला असतो, पाणी नितळलेले असते आणि धार मध्यम असते. मध्यम धार फसवी. पुराला मूलही भिते; मध्यम धारेला शहाणाही भीत नाही. बाबा म्हणाले, “आधी काठावर उभं राहून वाळकं पान नाही तं काडकी टाकावी जी, आन् तिच्या संगं चालावं. आपन सावकाश चालून ते मांगं पडली तं ठीक. आपल्याले पळा लागलं तं घरी जावं.” पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो असे पदार्थविज्ञान सांगते, वेग दुप्पट झाला की जोर चौपट. डोळ्यांना मात्र तो दुप्पटच दिसतो. काडकी टाकणारा म्हातारा ते गणित न शिकता पाळीत होता.

मग जागा. नदी वळते तिथे बाहेरच्या काठाला धार जोराची असते आणि काठ खणलेला असतो. आतल्या काठाला पाणी संथ आणि रेती साठलेली. नाव लोटायची ती आतल्या बाजूच्या संथ पाण्यातून. पण त्याआधी खाली कुठवर काय आहे ते चालत जाऊन पाहून यायचे: पुलाचे खांब, आडवे पडलेले झाड, बंधारा. बंधाऱ्यावरून पडलेले पाणी खाली उलटे फिरते आणि त्यात सापडलेली वस्तू सुटत नाही, मग ती लाकूड असो वा माणूस. जिथे रेती उपसली आहे तिथे तळाला खड्डे असतात. गुडघाभर पाण्यात पुढचे पाऊल टाकावे तर गळ्याइतके पाणी लागते. आणि वर पेंचेवर नवेगाव खैरीच्या धरणाची दारे उघडली असतील तर पेंच मिळाल्यानंतरच्या पात्रात आभाळ निरभ्र असतानाही पाणी चढते. सकाळचा घाट दुपारी तोच राहील असे नाही.

मग नाव. अर्धी रेतीत आणि अर्धी पाण्यात अशी नाव सर्वांत डळमळीत. लोकांना वाटते ती टेकलेली आहे म्हणून भक्कम, पण ती एका टोकावर तोललेली असते. पूर्ण तरंगू द्यावी, एकाने धरावी, आणि एकेकाने मध्यावर पाय देऊन, वाकून, बसावे. धरणाऱ्याने नावेच्या खालच्या अंगाला, म्हणजे धार जिकडे जाते तिकडे, कधी उभे राहू नये. नावेत पाणी भरले तर एका घनमीटर पाण्याचे वजन हजार किलो होते, आणि ते माणसाला खडकावर दाबून धरते. दोर मनगटाला किंवा कमरेला गुंडाळू नये. हाताने सोडता आला पाहिजे. वजन खाली आणि मधोमध. नावेचा काठ पाण्याच्या वर निदान वीतभर राहिला पाहिजे. पाचावर सहावा नाही, असे तो ढीवर म्हणाला त्याचे कारण ही वीत. सहावा बसला की नाव बुडत नाही. वीत बुडते, मग एक लाट आत येते, आत आलेले पाणी कललेल्या बाजूला धावते, माणसे घाबरून उठतात, आणि उठल्यामुळे नाव उलटते. नाव सहाव्यामुळे उलटली हे कोणाला दिसतसुद्धा नाही. सगळे म्हणतात, लाट आली.

आणि तोंड. संथ पाण्यातून धारेत शिरताना नावेचे तोंड वरच्या अंगाला हवे, किंचित पैलतीराकडे तिरपे. मग धार स्वतःच नावेला पलीकडे ढकलते, वल्ह्याने फक्त तो कोन राखायचा. जो उतावळा पैलतीराकडे सरळ तोंड करून लोटतो त्याच्या नावेचे नाक धार पकडते, नाव आडवी होते, आणि वरच्या अंगाचा काठ खाली दबून पाणी आत घेतो. नाव खांबाला किंवा खडकाला आडवी लागलीच तर माणसे भिऊन उलट्या बाजूला सरकतात, आणि तिथेच घात होतो. खडकाकडे कलायचे असते. जिकडे जायला भीती वाटते तिकडेच.

इतके सगळे ऐकून एखादा भाविक म्हणेल, “महाराज, हे सारं ठीक. पण आयुष्याची दोरी असेल तर खडकावर आपटूनही माणूस वाचतो, आणि नसेल तर ओंजळभर पाण्यात मरतो. प्रारब्ध कोणाला चुकले?” हा युक्तिवाद आपल्या मंडळींत फार चालतो, म्हणून त्याच्याशी थोडे भांडावे लागेल.

वेदान्तात कर्माचे तीन प्रकार सांगतात: संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण. बुडणाऱ्याचे मरण त्याच्या प्रारब्धात होते असे आपण क्षणभर मानू. पण सहावा माणूस नावेत घेणे हे कोणाचे प्रारब्ध? ते तर नावाड्याचे क्रियमाण. त्या क्षणी त्याने केलेले, आणि ज्याचे फळ त्याच्या खात्यावर आताच लिहिले गेले. खाती दोन आहेत. एकाच्या खात्यात काय होते ते दाखवून दुसऱ्याचे खाते कोरे होत नाही. खुन्याला सुद्धा मग म्हणता येईल की मेलेल्याचे भरले होते! शिवाय प्रारब्धवाद्याची एक गंमत आम्ही नेहमी पाहिली आहे. रात्री तो दाराला कडी घालतो. बैल विकत घेताना दात बघतो. लेकीचे लग्न ठरवताना चार गावे चौकशी करतो. प्रारब्ध त्याला आठवते ते फक्त तिथे, जिथे ते आठवल्याने दोन पैसे किंवा अर्धा तास वाचतो.

मीमांसकांचा एक नियम आम्ही गुरुगृही शिकलो. एखाद्या गोष्टीचे डोळ्यांना दिसणारे कारण सापडत असेल तर न दिसणाऱ्या कारणाची कल्पना करू नये, असा त्याचा भाव. हे यज्ञयाग सांगणाऱ्यांचे, अदृष्टावर ज्यांचा सारा संसार त्यांचे म्हणणे आहे, नास्तिकांचे नव्हे. वीत बुडाली हे दिसत असता दैव शोधायला जाणे म्हणजे श्रद्धा नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. तुकोबारायांच्या वह्या इंद्रायणीत बुडाल्या आणि तेरा दिवसांनी तरल्या, ही कथा आपल्या रक्तात आहे. मग जिथे कागद तरले तिथे माणसे का तरणार नाहीत? सज्जनहो, कथा पुन्हा नीट आठवा. वह्या तरतात की नाही याची तुकोबांनी परीक्षा पाहिली नव्हती. त्या त्यांना बुडवाव्या लागल्या. आणि मग ते स्वतः काठावर अन्नपाणी सोडून बसले. पणाला लावले ते स्वतःचे शरीर. शेजाऱ्याच्या मुलाला नदीत सोडून ते देवाला म्हणाले नाहीत, की आता याला तार. आमच्या मते सगळा प्रश्न इथे येऊन ठरतो. स्वतःच्या भरवशावर माणसाने स्वतःचा जीव टाकावा की नाही हा वाद होऊ शकतो, संतांच्या ठिकाणी तो त्यांना शोभलाही. पण माझ्या भरवशावर दुसऱ्याचा जीव टाकण्याचा अधिकार कोणत्याही संताने घेतलेला नाही. नावाडी कितीही मोठा भक्त असो; त्याच्या नावेत बसलेले पोर त्याच्या भक्तीत भागीदार नाही, ते फक्त त्याच्या नावेत आहे.

आणि नावाडी म्हटला की केवट आठवतोच. तुलसीदासांच्या रामचरितमानसात प्रत्यक्ष प्रभू गंगेकाठी उभे आहेत, आणि केवट त्यांना नावेत घेत नाही. तुमच्या पायधुळीने शिळेची स्त्री झाली, माझी नाव लाकडाची, ती गेली तर मी काय खाऊ? आधी पाय धुऊ द्या. कीर्तनात आपण या प्रसंगावर भक्तीचा रंग भरतो आणि तो भरावाच. पण थोडे दुसऱ्या अंगानेही बघा. हा नावाडी देवाला अट घालतो आहे. रामराया ती अट हसत मान्य करतात, “मी कोण आहे हे तुला ठाऊक आहे का” असे म्हणत नाहीत. आमच्या काही मंडळींना मात्र नावाडी “थांबा” म्हणाला की राग येतो. गळ्यातली माळ पुढे करून ते म्हणतात, अरे, आम्ही पंढरीला चाललो आहोत! चंद्रभागेवर विष्णुपदाकडे जाताना मार्गशीर्षात हे बोलणे ऐकायला मिळते. उजनीतून पाणी सुटलेले असो की नसो, मंडळींना चालू खेपेतच जायचे असते.

आता दुःखाचा भाग सांगतो. १४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यात वरुड तालुक्यातील झुंज या क्षेत्राजवळ वर्धा नदीत नाव उलटली. दशक्रियेच्या निमित्ताने जमलेले नात्यागोत्यातले लोक होते. अकरा जण गेले. २३ जानेवारी २०२४ ला गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी तालुक्यातील गणपूरजवळ वैनगंगेत नाव उलटून पलीकडे मिरची तोडायला निघालेल्या सहा स्त्रिया बुडाल्या. त्याच वर्षी २१ मे रोजी उजनीच्या जलाशयात, म्हणजे आपल्या भीमेच्याच पाण्यात, करमाळ्याकडच्या कुगावहून इंदापूरकडच्या कळाशीला निघालेली नाव वादळी वाऱ्यात सापडली. सहा जीव गेले. या तिन्ही ठिकाणी नेमके काय चुकले याचा निवाडा करणारे आम्ही कोण? आम्हांला त्यातली एक वेगळीच गोष्ट छळते.

झुंजचे लोक थांबले असते तर त्यांचे काय बिघडले असते? फारसे काही नाही. त्यांना थांबता येत होते. पण गणपूरच्या मजुरीवाल्या बायांना थांबता येत होते का? एक दिवस थांबणे म्हणजे एक दिवसाची मजुरी. आणि नदी काही एक दिवसाची नाही, रोजची. त्यांना “नाव भरली आहे, बसू नका” असा उपदेश करणे सोपे आहे. आम्ही व्यासपीठावरून तो करू आणि बिदागी घेऊन घरी जाऊ. पण ज्याला निवड नाही त्याला उपदेश करणे हे धर्मकार्य नव्हे, असे आम्हांला वाटते. येथे कौटिल्याचा नावध्यक्ष पुन्हा आठवतो. नाव नीट नसेल तर भरपाई वरच्याने द्यायची, हे त्याने सांगितले ते याचसाठी की काठावरच्या गरिबाला नाव तपासता येत नाही आणि नाकारताही येत नाही. १९१७ चा जुना जलयान कायदा जाऊन २०२१ मध्ये नवा आला. कायदे असावेत. पण ज्याच्या शेतात मिरची तोडायची आहे त्याने मजुरांसाठी चार-सहा लाइफ जॅकेटे घेऊन नावाड्याकडे ठेवली तर त्याला कायद्याची वाट पाहावी लागत नाही. पेठेतून आलेली मिरची आपण भाजीत टाकतो तेव्हा ती कोणत्या नदीपलीकडून आली हे आपल्याला ठाऊक नसते. म्हणून आपला त्यात काहीच संबंध नाही असे म्हणायला आमचे मन धजत नाही. संबंध किती आहे, हेही आम्हांला मोजून सांगता येणार नाही.

नावाड्याचेही तसेच. सहाव्याला नाही म्हणणारा ढीवर सहाव्याचे पैसे गमावतो, आणि पलीकडचा दुसरा त्या सहाव्याला घेतो. चांगुलपणाचा दंड त्याला रोज भरावा लागतो. अशा माणसाची स्तुती करून भागत नाही; त्याचा तोटा कोणी तरी वाटून घेतला पाहिजे.

आपल्या संप्रदायात या गोष्टीला लागणारी शिस्त पहिल्यापासून आहे. पालखी सोहळ्यात चोपदाराने दंड उंचावला की हजारोंचे टाळ-मृदंग क्षणात थांबतात. कोणी विचारीत नाही, की का थांबायचे. तिथे आपल्याला कमीपणा वाटत नाही, उलट अभिमान वाटतो. घाटावर नावाडी हाच चोपदार आहे, एवढे मानले तरी पुष्कळ काम होईल. तो जातीने कोण, शिकला किती, हे दिंडीत विचारायचे नसते. मग घाटावर कशाला?

खापरखेड्याच्या त्या माळकऱ्यांना आणि त्यांच्या दिंडीच्या विणेकऱ्यांना आम्ही जे सुचवले तेच इथे सर्वांना सुचवतो. दिंडीच्या वर्गणीतून नावेच्या दुसऱ्या खेपेचे पैसे आधीच बाजूला काढून ठेवावे आणि ते नावाड्याला पहिली खेप सुटण्यापूर्वी हातात द्यावे, म्हणजे त्याला माणसे कोंबण्याचा मोह राहात नाही. मुले आणि पोहता न येणारे पहिल्या खेपेत, मधोमध. नावेत कोणी उभे राहून आरती म्हणू नये. बसूनही पांडुरंगाला ऐकू जाते. दुसरी खेप यायला अर्धा तास लागतो. तेवढ्या वेळात मागे राहिलेल्यांचा काठावर हरिपाठ होतो.